शहरातल्या तळ्यातला उन्हाळी ट्राउट

सिएटलच्या उत्तर भागात ग्रीन लेक नावाचं तळं आहे. चहूबाजूंनी घरं, कॉफीची दुकानं, बसचे थांबे आणि काठाने सुमारे साडेचार किलोमीटरची वाट. उन्हाळ्यात या वाटेवर सकाळपासून गर्दी असते. कोणी धावतंय, कोणी बाबागाडी ढकलतंय, कोणी कुत्र्याला फिरवतंय. त्या गर्दीकडे पाठ करून लाकडी धक्क्यावर काही माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात. त्यांत व्हिएतनामी आजोबा असतात, युक्रेनहून आलेली जोडपी असतात, शाळेच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन आलेले इथलेच म्हातारेही असतात. सगळ्यांची नजर काठीच्या टोकावर. हे लोक ट्राउट नावाचा गोड्या पाण्यातला मासा पकडायला आलेले आहेत.

गावी फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो: शहराच्या मधोमध तळ्यात मासे आले कुठून? तर ते आणून सोडलेले असतात. वॉशिंग्टन राज्याचं मासे आणि वन्यजीव खातं स्वतःची मत्स्यबीज केंद्रं चालवतं. तिथे रेनबो ट्राउट अंड्यापासून वाढवतात, दहा-बारा इंचांचे झाले की प्राणवायू सोडलेल्या पाण्याच्या टाकीतून ट्रकने तळ्यावर आणतात आणि पाइपातून पाण्यात सोडतात. कुठल्या तळ्यात कधी, किती आणि केवढे मासे सोडले याची यादी खातं जाहीर करतं. हा खर्च बराचसा मासेमारीच्या परवान्यांच्या पैशांतून निघतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, बाकी सगळ्यांना लागतो, आणि तो जवळ बाळगावा लागतो.

सोडण्याचा मुख्य हंगाम वसंतातला. एप्रिलचा चौथा शनिवार हा इथल्या सखल भागातल्या अनेक तळ्यांचा उघडण्याचा दिवस, आणि त्या दिवशी पहाटे काठावर जागा मिळत नाही. ग्रीन लेकसारखी काही तळी वर्षभर खुली असतात. पण जून सरला की ट्रकच्या फेऱ्या थांबतात, कारण पाणी तापायला लागतं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये गळाला लागतो तो वसंतात सोडलेल्यांपैकी वाचलेला, शहाणा झालेला मासा. मला या उन्हाळी माशाबद्दलच लिहायचं आहे, कारण त्याच्याशी वागायची रीत वेगळी आहे आणि ती पाळली जाताना फारशी दिसत नाही.

ट्राउट थंड पाण्याचा जीव. दहा ते सोळा अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो खूश असतो. वीस अंशांच्या वर गेलं की त्याला जड जायला लागतं आणि पंचविशीच्या आसपास जिवावर बेततं. यात दुहेरी कोंडी आहे. पाणी तापतं तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पंचवीस अंशांना जेमतेम ८. आणि माशाचं रक्त पाण्याइतकंच गरम होत असल्यामुळे पाणी तापलं की त्याच्या शरीराचा व्यवहार वेगाने चालतो, म्हणजे प्राणवायूची गरज त्याच वेळी वाढते.

मग मासा खोल, थंड पाण्यात का जात नाही? जातो, जमेल तेवढा. पण शहरातल्या तळ्यात रस्त्यांवरून, हिरवळींवरून वाहून आलेलं खत उतरतं, त्यावर शेवाळ माजतं, ते मरून तळाशी बसतं आणि कुजताना तिथला प्राणवायू खाऊन टाकतं. वर पाणी गरम, खाली पाणी थंड पण गुदमरवणारं. मधे एक पातळ थर उरतो आणि सगळे ट्राउट त्या थरात दाटीवाटीने दिवस काढतात. ग्रीन लेकमध्ये तर खोलात खोल जागा नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे पळायला वावच कमी. तिथला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाला पोसणारं खतातलं द्रव्य, बांधून ठेवण्यासाठी शहराने २००४ आणि २०१६ मध्ये तळ्यात तुरटीच्या जातीचं द्रव्य सोडलं होतं. तरी काही उन्हाळ्यांत निळं-हिरवं विषारी शेवाळ येतं आणि पाण्यात उतरू नका अशी पाटी लागते.

२८ जून २०२१ ला सिएटलमध्ये पारा ४२ अंशांवर गेला होता. विदर्भातल्या वाचकांना त्यात विशेष वाटणार नाही, पण इथे अनेक घरांत एसी नाही, पंखेही नाहीत. माणसं हैराण झाली, ती निदान वातानुकूलित दुकानांत जाऊन बसली. त्या दिवसांत मला तळ्यांतल्या माशांची आठवण वारंवार यायची.

माझे बाबा गेल्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आले होते. दाभोळच्या खाडीकाठी त्यांचं बालपण गेलं. नायलॉनच्या तंगुसाला गरी बांधून, कोळंबी लावून गरवायचं, आणि काळुंदर, बोय, कधी नशिबात असलं तर तांबोशी घेऊन घरी यायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. इथे ते कंटाळतील या धास्तीने मी त्यांना पहिल्याच आठवड्यात धक्क्यावर नेलं. पाहुण्यांसाठी एक, दोन किंवा तीन दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो, तो ऑनलाइन काढला.

पहाटे पाचला आम्ही धक्क्यावर होतो. उन्हाळ्यात ट्राउट गरवायचा तर हीच वेळ. रात्रभरात वरचं पाणी थोडं निवतं, मासा वर येऊन चरतो, आणि ऊन चढलं की पुन्हा खाली जातो. इथे जूनमध्ये सूर्य सव्वापाचला उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे हातात येणारा काळ म्हणजे पहाटेचे दोन-तीन तास. संध्याकाळी पाणी दिवसभर तापलेलं असतं, म्हणून मी संध्याकाळी जात नाही.

बाबांनी सामान उलटसुलट करून पाहिलं. दोरीवर सरकतं शिसं, त्याखाली फिरकी, मग बारीक दोरीचा तुकडा आणि त्याच्या टोकाला लहानसा गळ. गळाला लावायची बाटलीतली रंगीत कणीक. ती पाण्यात तरंगते, हाच तिचा गुण. शिसं तळाशी बसतं आणि कणीक त्याच्या वर, माशाच्या तोंडासमोर, उभी राहते. वसंतात तो तुकडा हातभर पुरतो. उन्हाळ्यात तळाला पाणवनस्पती उंच वाढलेल्या असतात, म्हणून तो दुप्पट लांब घ्यायचा, नाहीतर आमिष झाडोऱ्यात दडून जातं. नुकताच सोडलेला ट्राउट काठाकाठाने थव्याने फिरतो आणि वरून पडलेलं काहीही गिळतो, कारण केंद्रात त्याला वरून टाकलेल्या गोळ्या खायची सवय असते. दोन महिन्यांनी तो किडे, अळ्या, गोगलगायी खायला शिकलेला असतो. तेव्हा मला कणकेपेक्षा गांडूळ बरं वाटतं. बाबांनी कणीक हुंगून बाजूला ठेवली आणि गांडुळाचा डबा उघडला. कोणी न सांगता!

पहिला मासा त्यांनाच लागला. हातभर नाही, वीतभराहून थोडा मोठा, कुशीवर गुलाबी पट्टा. बाबांनी तो जाळीत घेतला आणि लगेच सोडवून पाण्यात टाकायला वाकले. म्हणाले, "लहान आहे गं, जाऊ दे, वाढेल अजून."

"बाबा, तो वाढणार नाही. ऑगस्ट काढणं कठीण आहे त्याला. आणि तुम्ही सोडलात तर आज संध्याकाळपर्यंतही टिकेल की नाही, सांगता येत नाही."

खाडीत लहान मासा परत सोडणं हा धर्म, आणि तो बरोबरच आहे. तिथे तो मासा वाढतो, अंडी घालतो, खाडी भरलेली राहते. या तळ्यात मात्र रेनबो ट्राउटला अंडी घालायला खडीवरून वाहतं थंड पाणी हवं, ते बहुतेक शहरी तळ्यांत नाही. इथे त्याची पुढची पिढी होत नाही. तो खाण्यासाठी वाढवलेला, खाण्यासाठी सोडलेला मासा आहे. गरम पाण्यात गळावर झुंजून दमलेला ट्राउट सोडला तर तो पोहत जाताना दिसतो आणि आपल्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. पण त्याच्या स्नायूंत आम्ल साठलेलं असतं, ते निवळायला प्राणवायू हवा, आणि नेमका तोच पाण्यात कमी. बरेच मासे नंतर, आपल्या नजरेआड, मरतात. गांडूळ किंवा कणीक लावली असेल तर आणखी वाईट, कारण मासा आमिष गिळतो आणि गळ घशात जातो.

राज्याच्या नियमातही हे आलेलं आहे. दिवसाला पाच ट्राउट ही सर्वसाधारण मर्यादा. आमिष लावून पकडलेला प्रत्येक ट्राउट या पाचांत धरला जातो, तुम्ही तो ठेवा नाहीतर सोडा. लहान लहान सोडत बसून मोठ्याची वाट पाहायची सोय त्यात नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. काही तळ्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून निघण्याआधी त्या वर्षीचं नियमपुस्तक बघायचंच.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मासा झटक्यात मारला, कल्ले कापून रक्त वाहू दिलं आणि बर्फात ठेवला. खाडीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दोघांच्या जेवणापुरते मासे झाले तेव्हा साडेसात वाजत होते, उन्हाला धार येत होती आणि मासे अजून गळाला लागत होते. बाबांनी दोरी गुंडाळली. शेजारच्या तरुणाने मात्र पकड-सोड चालूच ठेवली होती, फोटो काढायला प्रत्येक मासा हवेत धरून. मला ते बघवत नाही. वसंतात, थंड पाण्यात, बिनकाट्याचा गळ आणि कृत्रिम आमिष लावून, मासा पाण्याबाहेर न काढता सोडणारे कुशल लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. जुलैत तेच करणं म्हणजे माशाचा विनाकारण छळ.

काहींना वाटतं की ट्रकने आणलेला मासा पकडणं ही खरी मासेमारीच नव्हे. मला हे पटत नाही. इथल्या नद्यांमधल्या रानट्राउटची आणि सामनची अवस्था नाजूक आहे. समुद्रात जाऊन परतणाऱ्या रेनबो ट्राउटला इथे स्टीलहेड म्हणतात. जात तीच, जगणं वेगळं. प्यूजेट साउंड या सिएटलजवळच्या समुद्राच्या खाडीच्या परिसरातला स्टीलहेड २००७ पासून संघराज्याच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, तिथला चिनूक सामन १९९९ पासून. एवढ्या मोठ्या शहराची गळ टाकायची हौस नद्यांवर पडली तर काय उरेल? तळ्यात सोडलेला ट्राउट ती हौस स्वतःवर घेतो. शिवाय बस पकडून, छोटी काठी घेऊन, गाडी नसलेलं कुटुंबही इथे येऊ शकतं आणि ताजा मासा घरी नेऊ शकतं. शहरातल्या माणसांना मिळालेली ही फार मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

आपली मराठी मंडळी बहुतेक लेक वॉशिंग्टन या शहराच्या पूर्वेच्या मोठ्या तळ्याच्या पलीकडच्या बाजूला, रेडमंड, बॉथेल, समामिशकडे राहतात. त्यांच्यासाठी समामिशचं पाइन लेक किंवा वुडिनव्हिलचं कॉटेज लेक जवळ. मासे खाणारी घरं आमच्यात भरपूर, पण गरवणारी कमी. दुकानातला गोठलेला बांगडा आणि पापलेट आणून भागवतात.

तर खाण्याबद्दल. उन्हाळी ट्राउटला कधीकधी मातकट वास येतो. शेवाळामुळे पाण्यात तयार होणारं एक द्रव्य माशाच्या चरबीत उतरतं, त्याचा तो वास. वेळ न घालवता पोट साफ करायचं, पाठीच्या काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ नखाने खरवडून काढायची. शेवाळ आलेल्या दिवसांत तळ्याच्या पाण्याने मासा धुवायचा नाही आणि आतलं काही खायचं नाही. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत, पण अंगावर बुळबुळीत थर असतो, तो जाड मिठाने चोळून धुवायचा. मग आगळ. आंबटाने वास जातो आणि मांस घट्ट होतं. आगळ, हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास, वर मालवणी मसाला, तांदळाचं पीठ आणि रवा. अख्खाच तळायचा, कारण तो बांगड्याएवढाच असतो. कालवण करायचं तर रस्सा उकळल्यावर शेवटी मासा सोडायचा. मांस मऊ असतं, डावाने ढवळलं की विस्कटतं, भांडं नुसतं हलवायचं. बाबांनी पहिला घास घेऊन सांगितलं की बांगड्याची चव नाही, पण गोड आहे. त्यानंतर ते दर आठवड्याला परवान्याचं विचारायचे.

ऑगस्टच्या उष्ण आठवड्यांत मी ट्राउटचं सामान आवरून ठेवते. त्याच तळ्यांत बास आणि पर्च असतात, त्यांना कोमट पाणी मानवतं, ते भर दुपारीही लागतात आणि पर्च तर तळून फारच चविष्ट. सप्टेंबरअखेर पाणी निवतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही तळ्यांत पुन्हा ट्राउट सोडतात, आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, लोक खरेदीला पळत असताना, काठावर पुन्हा गर्दी होते. तुमचे आईवडील उन्हाळ्यात इथे येणार असतील आणि त्यांना माशांची आवड असेल, तर त्यांना मे-जूनमध्ये बोलवा. जूनच्या पहिल्या सोमवारनंतरच्या शनिवार-रविवारी राज्यात परवान्याशिवाय मासेमारी करता येते. ते दोन दिवस धरून तिकीट काढलं, तर पाणीही अजून थंड असतं.