तैपेईचा नाश्ता: पहाटे उठा, उपाशी पोटी जा

आईला पाचला जाग येते, मग ती पुण्यात असो की तैवानच्या राजधानीत, तैपेईत. परदेशात एरवी याची अडचण होते, कारण हॉटेलचा नाश्ता सातशिवाय सुरू होत नाही. तैपेईत मात्र तिच्यामुळेच आम्हाला सहलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट मिळाली. सहा दिवसांत आम्ही हॉटेलचा नाश्ता एकदाही घेतला नाही. तिकडे जाणार असाल तर खोली बिननाश्त्याची घ्या, असं मी आधीच सांगून ठेवते.

पहिल्या सकाळी ‘फू हांग दोउज्यांग’ला गेलो. निळ्या मेट्रोवर तैपेई मेन स्टेशनपासून एकच स्टेशन पुढे शानदाव मंदिर लागतं. तिथल्या पाच नंबरच्या दारातून बाहेर पडलं की हुआशान मार्केटची इमारत, आणि तिच्या पहिल्या मजल्यावर (तिथल्या मोजणीत दुसऱ्या) हे दुकान. पहाटे साडेपाचला उघडतं, सोमवारी बंद. मेट्रो सहाला सुरू होते, म्हणून आम्ही चालत गेलो. पावणेसहालाच रांग जिन्यावरून खाली आली होती. रांग भराभर सरकते, पण आठनंतर किंवा शनिवार-रविवारी गेलात तर तासभर उभं राहायची तयारी ठेवा. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर मधल्या वारी आणि लवकरच जा.

वर पोचल्यावर काचेपलीकडे भट्टी दिसते. कणकेच्या जाड पट्टीला पाणी लावून, तीळ वर ठेवून, कारागीर हात थेट खोल भट्टीत घालतो आणि ती आतल्या भिंतीला चिकटवतो, अगदी तंदूरसारखी. हा शावबिंग. बाहेरून खारीसारखा खुसखुशीत, आतून मऊ आणि पापुद्र्यांचा. तो मधून उघडून त्यात योउत्याव घालतात, म्हणजे हातभर लांब, तळलेली, पोकळ कणकेची कांडी. पिठात पीठ घालून काय खायचं, असं आईला वाटलं होतं. पहिला घास घेतल्यावर ती काही बोललीच नाही, नुसती खात राहिली.

आता दोउज्यांग, म्हणजे सोयाबीनचं दूध. आपल्याकडे खोक्यात मिळतं त्याच्याशी याची तुलना करू नका. भिजवलेलं सोयाबीन वाटून, गाळून, उकळून केलेलं हे दूध गरम असताना किंचित करपल्याचा वास देतं आणि तोच हवाहवासा वाटतो. गोड, बिनसाखरेचं, गरम, थंड, जसं हवं तसं मिळतं. पण एकदा तरी खारं दोउज्यांग, म्हणजे ‘श्येन दोउज्यांग’ घ्याच.

आमच्या हॉटेलच्या गल्लीतल्या दुकानात ते मी अगदी जवळून पाहिलं. मावशी वाडग्याच्या तळाशी थोडं व्हिनेगर आणि सोया सॉस घालतात. मग खारवलेल्या भाजीचे बारीक तुकडे, कांद्याची पात, सुकी कोळंबी. वरून उकळतं दूध उंचावरून ओततात. क्षणभर ते पांढरंशुभ्र दिसतं, मग कडेपासून फाटायला लागतं, पनीर करताना लिंबू पिळल्यावर फाटतं तसंच. फरक एवढाच की इथे पाणी वेगळं होत नाही, सगळं मिळून मऊ, लुसलुशीत दाटपणा येतो. शेवटी योउत्यावचे तुकडे आणि तिखट तेलाचे चार थेंब. तुकडे अर्धे भिजलेले, अर्धे कुरकुरीत असतानाच खायचे. फोटो काढत बसलात तर हातचं जाईल.

शाकाहारींनी पुढचं नीट वाचा. आई पूर्ण शाकाहारी, मी अंडं खाते. दुसऱ्या दिवशी एका दुकानात खुणांनी ‘मांस नको’ सांगून आम्ही फानत्वान घेतला. चिकट भाताचा हा लांबट मुटका, आत योउत्याव आणि खारवलेला मुळा. आईच्या घासात काहीतरी तपकिरी, खोबऱ्याच्या किसासारखं आलं. ते डुकराच्या मांसाचं सुकं भुरभुरीत सारण होतं. तिला फार वाईट वाटलं, दुपारपर्यंत तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मलाही ते अजून लागून राहिलंय. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही, कारण असं सारण, सुकी कोळंबी किंवा पिठातली चरबी कुणाला ‘मांस’ वाटेलच असं नाही. म्हणायचं ते ‘वो चृ सु’, मी शाकाहारी आहे. उच्चारावर विसंबू नका. हॉटेलच्या काउंटरवरून हे वाक्य चिनी लिपीत चिठ्ठीवर लिहून घ्या. त्यातच अंडं चालतं की नाही, कोळंबी नको, चरबी नको, हेही लिहून घ्या. आमचे पुढचे चारही दिवस त्या चिठ्ठीवर निभावले.

बौद्ध परंपरेमुळे तैवानमध्ये शाकाहारी दुकानं भरपूर आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर अनेकदा स्वस्तिक असतं. आईला तो दुरूनच दिसायचा. तिथल्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय होते. अशाच एका दुकानात शाकाहारी फानत्वान मिळाला आणि आईने तो पूर्ण खाल्ला. इतर दुकानांत मुळ्याच्या वडीत, म्हणजे तव्यावर परतलेल्या लुओबोगावमध्ये, बऱ्याचदा कोळंबी असते, तेव्हा विचारूनच घ्या. भाजलेले शेंगदाणे आणि तांदूळ वाटून केलेलं मीज्यांग हे तपकिरी, गोड पेय आईचं सगळ्यात आवडतं ठरलं. अंडं खाणाऱ्यांसाठी दानबिंग: पातळ धिरड्यावर अंडं पसरून, गुंडाळून, कापून देतात.

यातलं बरंचसं मूळचं उत्तर चीनचं. 1949 च्या सुमारास तिकडून आलेल्या सैनिकांनी आणि निर्वासितांनी पोटासाठी दुकानं टाकली. नदीपलीकडचं योंगह हे उपनगर तर यासाठी इतकं गाजलं की आज बेटावर कुठेही दोउज्यांगच्या दुकानावर ‘योंगह’ हे नाव दिसतं. भातखाऊ बेटावर गव्हाचा नाश्ता रुजला, त्याला त्या काळात अमेरिकेच्या मदतीतून येणाऱ्या गव्हाचाही हातभार लागला.

पैशांचं म्हणाल तर सुट्टे जवळ ठेवा, छोट्या दुकानांत रोखच चालते. आम्हा दोघींचा नाश्ता 200 तैवानी डॉलरच्या वर कधी गेला नाही. एक डॉलर म्हणजे अडीच-तीन रुपये. पुष्कळ ठिकाणी चिनी यादीच्या कागदावर खुणा करून द्यायच्या असतात, तेव्हा फोनवरचं भाषांतराचं ॲप कामी येतं. ‘नेइयोंग’ म्हणजे इथेच बसून, ‘वाइदाइ’ म्हणजे बांधून. आपल्यासारखा उकळलेला चहा मिळणार नाही, चहाबाजांनी पुड्या घरून न्याव्यात, खोलीत किटली असते.

बांधून घेतलंत तर मेट्रोत शिरण्याआधी संपवा. तिकिटाच्या फाटकाआत खाण्यापिण्याला बंदी आहे, घोटभर पाण्यालाही, आणि दंड किमान 1500 डॉलर. आम्ही फू हांगहून उरलेला शावबिंग घेऊन जवळच्या हुआशान 1914 बागेत गेलो. जुन्या दारूच्या कारखान्याचा तो परिसर सकाळी शांत असतो. आईने बाकावर बसून उरलेले तीळ बोटाने टिपून खाल्ले आणि विचारलं, “उद्या कितीला निघायचं?”