बाळाचे आखूड झालेले कपडे: पेटीत काय जावं, काय जाऊ नये

पहिल्या वर्षात बाळाची उंची साधारण 25 सेंटीमीटरने वाढते आणि वजन जन्माच्या वेळच्या जवळपास तिप्पट होतं. म्हणजे वर्षभरात चार-पाच मापांचे कपडे घरात येतात आणि अंगाला तोकडे होऊन बाजूला पडतात. ते सहा महिने कपाटाच्या तळाशी साठू दिले की मापं एकमेकांत मिसळतात, डाग जुने होतात आणि काम दुप्पट होतं. त्यापेक्षा कपाटाशेजारी एक रिकामी टोपली ठेवावी. अंगात घालताना ओढावा लागलेला कपडा धुऊन आला की पुन्हा घडीत न ठेवता थेट त्या टोपलीत टाकायचा.

कपडा लहान झाला हे बाही आखूड दिसण्याच्या आधीच कळतं. बॉडीसूटची खालची टिचबटणं लावताना कापड ताणलं जातं. पाय झाकणाऱ्या रॉम्परमध्ये बाळाची बोटं पुढे दाबली जाऊन मुडपतात. असा रॉम्पर त्याच दिवशी बाद. टोपडं किंवा मोजा काढल्यावर कातडीवर खोल वळ दिसला, तर तोही गेला.

लावून ठेवताना लेबलवरच्या महिन्यांवर विसंबू नये. ‘3–6 महिने’ लिहिलेले दोन कंपन्यांचे दोन कपडे एकमेकांवर ठेवून पाहिले तर दोन-तीन बोटांचा फरक सहज निघतो, शिवाय सुती होजिअरी पहिल्या काही धुण्यांत आटते. काही लेबलांवर 56, 62, 68, 74 असे आकडे असतात. ती बाळाची सेंटीमीटरमधली उंची असते, म्हणून त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवावा. आकडा नसेल तर खांद्याच्या शिवणीपासून खालच्या बटणांपर्यंत टेप लावावी आणि त्या मापाने गठ्ठे करावेत.

आता डाग. पेटीत ठेवताना पांढरंशुभ्र दिसलेलं झबलं वर्षाने काढावं तर गळ्याशी पिवळे ठिपके, हा प्रकार जवळजवळ प्रत्येक घरात होतो. दुधात प्रथिनं असतात आणि चरबी असते. साध्या धुण्याने वरचा भाग निघतो, पण चरबीचा पातळ थर धाग्यात राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही. हवेशी संयोग होऊन महिन्यांनी पिवळा पडतो. म्हणून साठवायचे कपडे स्वच्छ दिसत असले तरी एकदा नीट भिजवून धुवावेत. आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला चिकटतात. मग एन्झाइम असलेल्या डिटर्जंटमध्ये कोमट पाण्यात किमान अर्धा तास, जुना डाग असेल तर काही तास. तरीही पिवळेपणा उरला तर सोडियम परकार्बोनेटवर चालणारं ऑक्सिजन ब्लीच वापरावं. शीचा पिवळा डाग धुतल्यावर कपडा ओला असतानाच उन्हात टाकला की बराच फिका होतो, कारण त्यातला बिलिरुबिन हा रंग उजेडाने विघटित होतो. लोकर आणि रेशमाला मात्र हे एन्झाइमचं डिटर्जंट लावू नये. ते धागेच प्रथिनांचे असतात आणि तेही झिजतात. क्लोरीनच्या ब्लीचपासून दूर राहिलेलं बरं. त्याने इलॅस्टिक मरतं, आणि त्यात चुकून व्हिनेगर पडलं तर विषारी वायू निघतो.

धुऊन कडकडीत वाळले की उजेडात बसून प्रत्येक कपडा हाताने तपासायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई करू नये. प्रत्येक टिचबटण लावून उघडून पाहावं. बटणाभोवतीचं कापड विरलं असेल तर ते बटण सुटून पुढच्या बाळाच्या तोंडात जाणार हे धरून चालावं. इलॅस्टिक ताणून सोडल्यावर परत येत नसेल किंवा आतून करकर वाजत असेल तर ते बदलावं, नाहीतर कपडा चिंध्यांत टाकावा. गळ्याच्या आणि टोपीच्या नाड्या ओढून काढून टाकाव्यात. कशात तरी अडकून गळा आवळण्याचा धोका त्यांच्यात असतो. मोजे आणि हातमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापावेत. असा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला की रक्तपुरवठा अडतो, आणि बाळ का रडतंय ते मोजा काढेपर्यंत कळत नाही.

किती ठेवायचं? जन्मानंतरच्या मापाचे कपडे जेमतेम काही आठवडे वापरले जातात, म्हणून ते नव्यासारखे राहतात. ते ठेवावेत किंवा निर्धास्त देऊन टाकावेत. रांगण्याच्या वयातल्या पँटी गुडघ्याशी विरतात. त्यांतले धड निघतील तेवढेच पुढे जातात. ऋतूचाही विचार हवा. एका बाळाला थंडीत बसलेला जाड स्वेटर दुसऱ्या बाळाच्या त्याच वयात ऐन उकाड्यात निघू शकतो. म्हणून दुसरं बाळ येईल या आशेवर जाड कपडे मोजकेच आणि साधे सुती जास्त ठेवावेत. दुसऱ्याला देताना एका मापाचा गठ्ठा वेगळा बांधून द्यावा आणि आधी विचारावं. डागाळलेला, बटण तुटलेला कपडा कुणालाही देऊ नये. त्याची बटणं काढून घ्यावीत आणि मऊ सुती कापड पुसायला वापरावं.

पेटीत डांबरगोळ्या घालू नका. हे वाक्य दोनदा वाचावं अशी विनंती आहे. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ कपड्यात मुरते आणि कातडीतून, श्वासातून बाळाच्या अंगात जाते. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाहेरून पाहून ओळखता येत नाही. कसर लागते ती मुख्यतः लोकरीला, आणि घामाचे-दुधाचे अंश असले तर लवकर. त्यामुळे स्वच्छ धुणं आणि घट्ट झाकणाचा डबा हाच खरा उपाय. लोकरीचा कपडा बंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला तरी अळ्या-अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवावी, म्हणजे कपड्यावर दव धरत नाही.

साठवायच्या कपड्यांना खळ घालू नये, ती किड्यांचं खाद्य होते. इस्त्री केलीच तर कपडा पूर्ण गार होऊ द्यावा, नाहीतर अडकलेल्या वाफेने बुरशी येते. पुठ्ठ्याच्या खोक्यात कपडे पिवळे पडतात. तेच हाताशी असेल तर आत धुतलेली सुती चादर अंथरावी. डब्यावर माप, ऋतू, नगांची संख्या आणि तारीख लिहावी. वर्षातून एकदा उघडून कोरड्या दिवशी हवा द्यावी, वास घ्यावा, टिचबटणांवर गंज चढलाय का पाहावं. आणि पुन्हा बाळाच्या अंगात घालण्याआधी इलॅस्टिक ताणून बघून सगळे कपडे एकदा धुऊन घ्यावेत.