आमची वाटचाल : टिप्परपासून ऑईल खाणाऱ्या फॅमिली गाड्यांपर्यंत

गोव्यात तिस्क-उसगावला बाबांनी गॅरेज टाकलं तेव्हा आमच्याकडे कार यायचीच नाही, यायचे ते खाणीवरचे टिप्पर. दिवसभर माल भरून धूळ उडवत पळायचे आणि संध्याकाळी आमच्या दारात रांग. टिप्परवाला येऊन म्हणायचा, गाडी इंजिन ऑईल खाते, बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती? आणि ह्या प्रश्नाला दहातल्या नऊ जणांकडे उत्तर नसायचं. मग बाबा वहीत गाडीचा नंबर, किलोमीटर आणि ऑईलची लेव्हल लिहून घेणार आणि त्याला परत पाठवणार, आठवड्याने ये म्हणून. गिऱ्हाईक वैतागायचं, शेजारचा गॅरेजवाला तेवढ्यात इंजिनचं हेड उतरवून मोकळा झालेला असायचा. पण आजही आमचं सगळं काम त्या वहीवरच चालतं, म्हणून आधी ते सांगितलं.

२०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि आमची रांग एका रात्रीत गायब. ज्यांचे टिप्पर बँकेच्या कर्जावर होते त्यांच्याकडे उधारी मागायची तरी कशी. पुढे खाणी सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या, पण तोपर्यंत आम्ही खाणीच्या भरवशावर राहायचं सोडलं होतं. मी आणि धाकट्या भावाने कारचं काम धरलं. डिझेलशिवाय दुसरं काही येत नव्हतं हेही खरं, आणि त्या काळात गोव्यात घरोघरी डिझेल गाड्या येत होत्या. फियाटचं ते १.३ मल्टिजेट इंजिन मारुतीत, टाटात आणि फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत पण, त्यामुळे एक इंजिन नीट कळलं की अर्धा तालुका आपला.

२०२० च्या एप्रिलमध्ये बीएस६, म्हणजे धुराचा नवा कडक नियम आला, मारुतीने डिझेल बंद केलं, आणि लोकांनी आहेत त्या गाड्या जपून ठेवल्या. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा वर्षांचा नियम लागला, तसा आपल्याकडे नाही. गाड्या जुन्या होत गेल्या आणि तक्रार तीच, टिप्परवाली, ऑईल खाते.

आता मुद्द्याचं. डिझेल गाडी थोडं ऑईल खाणारच. काही कंपन्या तर मॅन्युअलमध्येच लिहितात की १००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं, कुणी त्याहून जास्त पण लिहितात. म्हणून आम्ही आधी मोजतो. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं म्हणजे वरचं ऑईल इंजिनच्या तळाच्या चेंबरात उतरतं, मग ऑईल मोजायची पट्टी पुसून परत घालून बघायची. चढावर उभी केलेली किंवा आत्ताच बंद केलेली गाडी खोटं बोलते. मॅक्सपर्यंत भरतो, ऑईलच्या झाकणाला आणि ड्रेन बोल्टला पेंटची खूण मारतो आणि १००० किलोमीटर फिरवून आणा म्हणून सांगतो. परत आली की मॅक्सला आणायला लागेल तेवढं ऑईल काट्यावर मोजून घालायचं. किराणा दुकानातला असतो तसला वजनकाटा घेतलाय, एक लिटर ऑईल साधारण ८५० ग्रॅम भरतं, म्हणजे १०० ग्रॅमचा पण हिशोब लागतो. पट्टीवर मिन ते मॅक्स बहुतेक गाड्यांत लिटरभराचं अंतर, त्यात नजरेने काय कळणार.

वाळपईकडचे एक शिक्षक, घरात म्हातारे आईवडील आणि दोन मुलं म्हणून सात सीटर डिझेल घेतलेली. दोन ठिकाणी त्यांना सांगितलं होतं पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन काम करावं लागणार. सर आले तेव्हा गाडी विकायचंच मनात होतं. मोजलं तर १००० किलोमीटरला पाऊण लिटरच्या वर, म्हणजे तक्रार खरी होती. खाली लीक काही नाही, टॅपेट कव्हर कोरडं, क्रँकचं सील कोरडं. रात्रभर उभी ठेवून सकाळी मी स्वतः स्टार्ट मारली, निळा धूर नाही, म्हणजे वॉल्व्ह सीलवर संशय घ्यायला नको. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून मग एकदम दाबला तर मागे निळं फेकते का हेही चोर्ल्यात जाऊन बघितलं, तिथेही तसं काही नव्हतं. पण चढावर टर्बोने, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याने, लोड घेतला की आरशात हलका निळा दिसायचा.

म्हणून टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा खालचा पाईप सोडला आणि खाली ट्रे धरला, तर ऑईल नुसतं धारेने आलं. आता इथे बरेच जण टर्बो बदला म्हणून मोकळे होतात. आम्ही टर्बोची शाफ्ट हलवून बघितली, बाजूला जरासा प्ले, तो असतोच, पण आतबाहेर अजिबात नाही. टर्बो ठीक होता. मग एअर फिल्टर काढला आणि सगळं समजलं. लाल धूळ अशी बसलेली की फिल्टरचा कागदच दिसेना. फिल्टर बुजला की टर्बो हवेसाठी जोर लावून ओढतो आणि सीलमधून ऑईल पण ओढून घेतो. वर त्या गाडीचा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारा पाईप काळ्या चिकट गाळाने निम्मा बंद. इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर पडेना, आत प्रेशर तुंबलं, आणि टर्बोतून ऑईल खाली चेंबरात येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, त्याला मागे ढकलणारं प्रेशर असलं तर ते सीलवाटे हवेच्या पाईपात जाणारच. टर्बोची रिटर्न पाईप पण जळक्या ऑईलने आतून बारीक झालेली. सर घाट चढून आले की लगेच चावी फिरवून बंद करायचे, गरम टर्बोतलं ऑईल तिथेच जळायचं.

एअर फिल्टर नवा, रिटर्न पाईप नवी, ब्रीदर आणि ऑईल सेपरेटर धुऊन साफ, इंटरकूलर पूर्ण रिकामा करून सुकवला. हे शेवटचं विसरायचं नाही. आत साचलेलं ऑईल जास्त असलं तर डिझेल इंजिन तेच पिऊन पळत सुटतं, चावी काढली तरी बंद होत नाही, तेव्हा वरच्या गिअरला टाकून ब्रेक दाबून क्लच सोडून तिला मारावं लागतं. सरांची गाडी पुढच्या मोजणीत शंभर-दीडशे ग्रॅमवर आली. वाळपईच्या सत्तरी तालुक्यातून आज जी गाडी येते ती बहुतेक त्यांच्या सांगण्यावरून.

सगळ्यांचं असं स्वस्तात सुटत नाही. मोपा एअरपोर्ट सुरू झाल्यावर टॅक्सीवाले यायला लागले, तासन्‌तास एसी लावून गाडी आयडलवर. आयडलवर इंजिन पुरतं तापत नाही, रिंगांच्या खाचांत कार्बन बसतो, सिलिंडरचा बोअर आरशासारखा गुळगुळीत होतो आणि रिंग ऑईल खरवडतच नाही. एकजण म्हणाला, पात्रांव, टर्बोच आसूं दी मरे, म्हणजे टर्बोवरच भागू दे. पण त्याचं ऑईलचं झाकण चालू इंजिनवर नुसतं वर ठेवलं तर टुणटुण उडत होतं, ब्रीदर साफ असूनही. तेव्हा सिलिंडरमधलं प्रेशर मोजणारा कॉम्प्रेशन टेस्टर लावला, ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करायला आत तापणारा प्लग) जागेतून. ग्लो प्लग आत तुटला तर काम दुप्पट, म्हणून इंजिन गरम करून सावकाश सोडतो. आकडा किती त्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं, त्याचे दोन बरेच खाली होते. बोअरमध्ये थोडं ऑईल घालून परत घेतलं तर वर आले, म्हणजे रिंगाच. त्याला सरळ सांगितलं, इंजिन उघडावं लागेल, आणि उघडलं.

बीएस६ गाड्यांनी तर उलटंच सुरू केलंय, ऑईल कमी व्हायच्या जागी वाढतं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करायला गाडी जास्तीचं डिझेल मारते, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं आणि डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. कधी एकीकडे ऑईल जातं आणि दुसरीकडे डिझेल भरतं, पट्टीवर लेव्हल जिथल्या तिथे, गिऱ्हाईक खूश, आणि आत पाणीदार ऑईल. म्हणून ह्या गाड्यांत पट्टीचा वास पण घेतो. त्यांना कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल लागतं, दुकानदार सांगतो म्हणून दुसरं टाकू नका, डीपीएफची किंमत विचारलीत तर घाम फुटेल.

आता आम्ही दोघे भाऊ आणि तीन पोरं आहोत, बाबा अजून येतात, वही त्यांच्याच हातात. मोजणीचे पैसे आम्ही घेत नाही, घातलेल्या ऑईलचेच घेतो. गाडी आणायची असेल तर इंजिन धुऊन आणू नका, लीक कुठून आहे ते मळावरूनच समजतं. आदल्या दिवशी ऑईल बदलूनही येऊ नका, शेवटचं कधी बदललं आणि मध्ये किती घातलं ते कागदावर लिहून आणा. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र नवीन गाडी मोजायला घेत नाही, तेव्हा सगळ्यांनाच गावाला जायचं असतं.