सोन्याच्या पेल्याआधी बरणी बघा

आत्याला सिंगापूरला नेलं तेव्हा तिची अट एकच होती, ‘मॉल नको.’ म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी एम्प्रेस प्लेसच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये गेलो. तिथलं चीनच्या टांग राजवटीच्या काळात बुडालेल्या नौकेचं दालन मला बघायचंच होतं. आत गेल्यावर जो तो आठ पैलूंच्या सोन्याच्या पेल्याकडे वळतो. आत्या मात्र एका हिरवट, गबदुल बरणीपुढे थांबली.

“अगं, हिला दादरा बांधायला कानसुद्धा आहेत!”

राजापूरच्या घरात चाळीस वर्षं लोणच्याच्या बरण्या सांभाळलेली बाई ती. तिची नजर बरोबर जागी गेली.

थोडी पार्श्वभूमी सांगते. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ 1998 साली समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) काढणाऱ्या पाणबुड्यांना ही नौका सापडली. एका वाडग्यावर कोरलेली तारीख आहे, इसवी सन 826 मधली. म्हणजे नौका त्यानंतर लवकरच बुडाली असावी. माल चिनी, पण बांधणी पश्चिमेकडची, अरबी धाटणीची. फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीनं शिवलेल्या. आत सुमारे 60 हजार चिनी भांडी, त्यातले बहुतेक हुनान प्रांतातल्या चांगशाचे वाडगे. मासे, पक्षी, कमळं, कुठं अरबी अक्षरांसारख्या रेघोट्या. गिऱ्हाईक कोण, ते कुंभाराला पक्कं ठाऊक होतं.

आणि इतके वाडगे फुटू न देता न्यायचे कसे? बरणीत भरून! दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगकडच्या भट्ट्यांत भाजलेल्या या मोठ्या बरण्यांत वाडगे एकात एक, गोल गोल वेटोळ्यानं रचलेले होते. एकेका बरणीत शंभराहून जास्त. आजचा कंटेनर म्हणा ना. आत्याचा प्रश्न वेगळाच: “तळातला वाडगा काढायला हात पोचायचा कसा?” याचं उत्तर मला देता आलं नाही.

बरणी बघताना जरा वाकून खालचा भाग बघा. झिलई तळापर्यंत जात नाही, मधेच थांबते आणि तिचे ओघळ तसेच वाळलेले दिसतात. देखणेपणाची हौस कुणी केलेली नाही. साध्या मडक्यापेक्षा कितीतरी जास्त आचेवर भाजल्यामुळे भांडं पाझरत नाही. म्हणून पाणी, तेल, दारू, खारवलेले जिन्नस, काहीही भरा. काही बरण्यांवर पोवळं चढलेलं आहे. साडेअकराशे वर्षं समुद्रात काढल्याची खूण ती.

अशा बरण्यांना पुढे ‘मर्तबान’ नाव पडलं, ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून, कारण त्यांची मोठी उलाढाल तिथं होई. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानं आपल्याला भेट मिळालेल्या चार मर्तबानांची नोंद केली आहे. आत आलं, मिरी, लिंबं आणि आंबे, समुद्रप्रवासासाठी खारवलेले! हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, “मग लोणचंच की.” बोर्निओत तर या बरण्या घराण्याची दौलत ठरल्या. लग्नात द्यायच्या, तांदळाची दारू त्यांत आंबवायची, कुठं कुठं मेलेल्याची हाडंही त्यांतच ठेवायची.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती माहीत असलेली बरी. हा माल पुरातत्त्वाच्या शिस्तीनं सावकाश उकरलेला नाही, व्यापारी कंपनीनं काढलेला आहे. त्यावरून बराच वाद झाला आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेनं ठरवलेलं प्रदर्शन रद्द केलं. माझं मत म्हणाल तर बघावं, पण हे लक्षात ठेवून बघावं.

आता जाणाऱ्यांसाठी. रॅफल्स प्लेस मेट्रोला उतरा आणि नदीवरचा जुना कॅव्हेनाघ पूल चालत ओलांडा, समोरच म्युझियम. रोज सकाळी 10 ते संध्याकाळी 7 उघडं असतं, शुक्रवारी रात्री 9 पर्यंत. पर्यटकांना तिकीट आहे, दर बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघून घ्या. स्वयंसेवक फिरवून माहिती देतात, त्यांच्या वेळाही तिथंच मिळतील. आमची फेरी दहा मिनिटांनी हुकली, कारण आत्या वाटेत नारळपाण्याला थांबली. एसी चांगलाच गार असतो, ज्येष्ठांसाठी शाल ठेवा. या एका दालनाला दीड तास द्या. बाकीचं म्युझियम उरकायच्या नादात हे घाईनं बघू नका.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर जा. तिथल्या उत्खननात चौदाव्या शतकातली चिनी खापरं मिळाली आणि खणलेली जागा झाकून, पण बघता येईल अशी ठेवली आहे. चढ सौम्य आहे, डास मात्र सौम्य नाहीत.

आणि परत आल्यावर अजिंठा. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं चित्र आहे. त्यावरूनच गोव्यात ‘कौंडिण्य’ हे दोरीनं शिवलेलं जहाज बांधलं गेलं. जहाजावर ओळीनं मांडलेले रांजण दिसतात. सगळे शिडं बघतात, तुम्ही रांजण शोधा. आत फ्लॅश चालत नाही, तेव्हा डोळे अंधाराला सरावेपर्यंत जागचं हलू नका.