बारा फ्रेम

मित्राच्या लघुपटाचे संकलन करताना एका दृश्याने मला चार संध्याकाळी अडवून ठेवले. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या स्वयंपाकघरात मुलगा आईला सांगतो, "वाडा बिल्डरला द्यायचं ठरलंय." पोळ्या लाटणाऱ्या आईचा हात क्षणभर थांबतो आणि ती पुन्हा लाटू लागते. पहिल्या जुळणीत मी मुलाचे वाक्य संपताच आईवर कट केला होता. चूक म्हणावी अशी काही नव्हती. तरीही आईला बातमी कळली, एवढेच त्यातून समजत होते.

मग मुलाचा शॉट बारा फ्रेमनी वाढवला. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे वाढला तो केवळ अर्धा सेकंद. पण तेवढ्यात कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर असतानाच लाटण्याचा आवाज थांबलेला ऐकू येतो, त्याची नजर खाली जाते, आणि आई दिसते ती पुन्हा लाटू लागलेली. तिचे थांबणे आता फक्त ऐकू येते, आणि ते मुलाला सोसावे लागते.

वेग मोजता येतो; मिनिटाला किती कट, हे कोणीही सांगेल. लय मात्र शॉटमध्ये पाहण्यासारखे किती आहे आणि त्याच्या आधी काय येऊन गेले, यावर ठरते. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या लक्ष्मी रस्त्याचा दुरून घेतलेला शॉट दोन सेकंदांत पाहून होत नाही, तर त्याच गर्दीतला बांगड्या चाचपणारा एक हात दोन सेकंदांत पुरेपूर पाहून होतो. केवळ लांबी मोजून केलेली जुळणी आणि चौकटीतल्या हालचालीचा विचार करून केलेली जुळणी, हा भेद सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनने १९२० च्या दशकातच मांडला होता. अमेरिकन चित्रपट-संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटच्या निकषांत भावनेला ५१ टक्के, कथेला २३ आणि लयीला १० टक्के दिले आहेत. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, पण या दृश्यापुरती तरी भावना लयीपासून वेगळी काढून मोजता येईल, असे मला वाटत नाही.

त्या अर्ध्या सेकंदाने पुढचे सगळे शॉट लांब वाटू लागले. तव्यावर पोळी फुगण्याचा शॉट आम्हा दोघांचाही आवडता होता. अखेर चौथ्या संध्याकाळी त्यातल्या वीस फ्रेम काढल्या.