मकबऱ्यात गेलात तर आधी बाग बघा

छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबादचा) बीबी का मकबरा म्हटलं की लोक ताजमहालाशी तुलना करून मोकळे होतात. संगमरवर कमी, मनोरे जाडजूड, झालं. आराखड्याकडे कुणी बघतच नाही. ताजमध्ये कबर बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. आपल्याकडे ती चारबागेच्या, म्हणजे वाटांनी आणि पाटांनी चार भाग केलेल्या बागेच्या, मधोमध आहे, ही दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याची जुनी रीत. सुमारे ४५८ बाय २७५ मीटरचं हे आवार आहे. दक्षिणेच्या दरवाजातून आत आलं की समोर सरळ हौद आणि कारंजी. दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय ही नावं कोरलेली आहेत, तीही वाचून घ्या. संगमरवर फक्त खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधलं सगळं काळ्या दगडावर चुन्याचा गिलावा.

आज दिसते ती हिरवळ मोगलाई नव्हे. चारबागेचे वाफे वाटेपेक्षा खोल ठेवत, पाटाचं पाणी सोडलं की ते आपोआप भिजत. त्यांत फळझाडं आणि फुलं असत. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे हिरवळीचे लाड जरा जास्तच वाटतात.

तेव्हा पंप नव्हते, सगळा खेळ उंचीचा. पाणी तीन मीटर वरून आलं तर कारंजं जास्तीत जास्त तीन मीटर उडणार, आणि नळातल्या घर्षणाने त्याहून कमीच. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात नहर, म्हणजे भुयारी पाणवाट, आणली, मोगलांनी त्यात भर घातली. डोंगराच्या पायथ्याशी मुरमात पाझरणारं पाणी भुयारात गोळा करायचं आणि खापरी नळांतून उताराने शहरात आणायचं. वाटेत उंच मनोरे बांधत. नळात हवा कोंडली की धार अडते. ती हवा मनोऱ्यातून निघून जाई, शिवाय जादा दाबाने नळ फुटत नसत. नहरी बंद पडल्या त्या मुख्यतः झाडांची मुळं सांध्यांत शिरल्याने, साचलेल्या गाळाने आणि वर घरं-रस्ते झाल्याने. आजूबाजूच्या बोअरवेलनी भूजल खाली नेलं ते वेगळंच.

हे सगळं चालू अवस्थेत बघायचं तर तिथून जवळच असलेल्या पाणचक्कीला जा. हर्सूलकडून आलेलं पाणी भिंतीत वर चढतं आणि उंचावरून हौदात कोसळतं. पावसाळा संपता संपता गेलात तर उत्तम, दुष्काळी उन्हाळ्यात धार आटते.