कोअर बॉक्समधली रिकामी जागा

यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला कोळशाच्या शोधासाठी बोअर चालू होते. तिथल्या एका रिगवर मी नवखा जिऑलॉजिस्ट होतो. आमच्या बोअरमध्ये बराकार या कोळसा असलेल्या खडकातला मुख्य थर १३८ मीटरवर लागला आणि १५२ ला संपला. पण १४४ च्या पुढे १.६ मीटर कोअर, म्हणजे बोअरमधून वर काढतात तो खडकाचा दांडा, आलाच नाही. बॉक्समध्ये तेवढी जागा रिकामी, दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे.

"तिथं रॉड एकदम सरकला साहेब, अन् पाणीही काळं आलं," ड्रिलरदादा म्हणाले. त्यांचं आयुष्य रिगवर गेलेलं. मी तक्त्यात कोळसा लिहिला आणि चौदा मीटरचा अखंड थर धरून सेक्शनही, म्हणजे जमिनीखालच्या थरांचा उभा छेद, काढला.

दुसऱ्या दिवशी लॉगिंगची, म्हणजे बोअरमध्ये प्रोब हे उपकरण सोडून खडक मोजणारी, गाडी आली. सीझियम-१३७ चा किरणोत्सारी सोर्स लांब चिमट्याने प्रोबमध्ये बसवताना आम्हाला दूर उभं केलं. प्रोब तळाशी सोडून मोजणी होते ती वर ओढताना, अगदी संथ. पडद्यावर डेन्सिटी (घनता) १.५ च्या आसपास उतरली, गॅमाही, म्हणजे खडकातून निघणाऱ्या नैसर्गिक किरणांचं माप, खाली आला. कोळसा असाच दिसतो. रिकाम्या जागेशी डेन्सिटी आणखी घसरली. मला वाटलं, आपलं बरोबर निघालं.

लॉगिंगवाल्या सरांनी मात्र शेजारच्या रेषेवर बोट ठेवलं. गॅमा तिथे उंच चढला होता. भोकाची रुंदी मोजणारा कॅलिपर बघितला, तर ९६ मिलिमीटरचं भोक तिथे दीडपट रुंद झालेलं. शेल म्हणजे चिखलापासून बनलेला खडक, त्यात गॅमा जास्त असतो. तो मऊ शेल ड्रिलिंगच्या पाण्याने वाहून गेला होता, आणि प्रोबने खडकाऐवजी पोकळीतलं पाणी मोजलं होतं. नुसती डेन्सिटी बघितली असती तर मी तो कोळसाच धरला असता. डेन्सिटीच्या शेजारी कॅलिपर आणि गॅमा न ठेवता कोणी थराची जाडी सांगत असेल, तर मी ती आजही मान्य करत नाही.

ड्रिलरची खोली आणि केबलची खोली यांतही ४० सेंटिमीटरचा फरक निघाला. थराचं छत आणि तळ लॉगवरून पक्के करून कोअरचे तुकडे त्यांना जुळवले.

मग हिशोब मांडला. एका हेक्टरवर १.६ मीटर म्हणजे १६,००० घनमीटर. दीडच्या घनतेने २४,००० टन कोळसा मी कागदावर वाढवून ठेवला होता! ओपनकास्टचं (उघड्या खाणीचं) नियोजन करणाऱ्याने तो विश्वासाने धरला असता. प्रत्यक्षात त्या जागी दगड निघाला असता, नाहीतर तो कोळशात मिसळून राख वाढली असती. मी सेक्शन पुन्हा काढला. शेजारच्या दोन बोअरच्या लॉगमध्येही शेलची तीच पट्टी सापडली, ईशान्येला जाड होत गेलेली. म्हणजे तिकडे थराचे दोन भाग धरून वेगवेगळे काढावे लागणार होते.

"मग पाणी काळं कसं आलं?" दादांनी विचारलं. वरच्या ठोकळ्याला लागून बोटभर काळा शेल उरला होता. तो मी बादलीत चोळला. पाणी काळंभोर झालं.